डाएट एकच, पण वजन उतरतंय फक्त बहिणीचं. जीन टेस्टवर विश्वास ठेवू का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण प्लीज पूर्ण वाचा. मी आणि माझी मोठी बहीण, दोघींचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३० च्या वर, सहा महिन्यांपूर्वी एकाच दिवशी एकाच डाएटिशियनकडे लो-फॅट डाएट सुरू केलं. ताईचं ११ किलो उतरलं, माझं जेमतेम ३. चालणं सारखं, रोजची नोंद सारखी, उलट मीच जास्त काटेकोर होते, आणि तरी घरच्यांना वाटतं मी गुपचूप खाते. फार लागतं हो ते.

मग डाएटिशियननी लाळेची जीन टेस्ट करायला लावली. रिपोर्ट म्हणतो लठ्ठपणाशी जोडलेल्या एफटीओ जीनचा रिस्क प्रकार मला आई आणि बाबा दोघांकडून आलाय, म्हणून लो-फॅट माझ्यासाठी नाहीच, लो-कार्बच करा.

वाचायला बसले तर गोंधळ अजून वाढला. १९९० च्या एका प्रयोगात एकसारख्या जुळ्यांच्या १२ जोड्यांना रोज १००० कॅलरी जादा खायला घातल्या, असे ८४ दिवस. कोणाचं ४ किलो वाढलं, कोणाचं १३, पण एकाच जोडीतल्या दोघांचं वाढणं बरंचसं जवळपास! म्हणजे जीन्सचा हात आहेच ना? आणि मग २०१८ चा स्टॅनफर्डचा डाएटफिट्स अभ्यास, ६०९ लोक, वर्षभर, अर्धे लो-फॅट अर्धे लो-कार्ब. सरासरी ५.३ आणि ६ किलो उतरलं, आणि ३ जीन्सवरून ज्यांना जे डाएट 'मॅच' होत होतं त्यांना त्याचा काहीच जादा फायदा नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा असू शकतात? कोणी सांगेल का?

प्रतिसाद १
दोन्ही खऱ्या आहेत. जीन्सचा परिणाम आहे पण तो दोन-तीन जीन्समध्ये बसलेला नाही. २०१८ मध्येच सुमारे ७ लाख लोकांचा डेटा तपासला तेव्हा बीएमआयशी जोडलेल्या डीएनएमधल्या ९४१ जागा सापडल्या, आणि त्या सगळ्या मिळून माणसामाणसातल्या बीएमआयच्या फरकाचा फक्त ६ टक्क्यांच्या आसपास भाग सांगतात. मग एका एफटीओवरून डाएट ठरवणार कसं? दोन्हीकडून रिस्क प्रकार आलेल्यांचं वजन सरासरी ३ किलो जास्त असतं हे २००७ पासून माहीत आहे, पण वजन जास्त असणं वेगळं आणि ते न उतरणं वेगळं. २०१६ मध्ये ८ ट्रायल्समधल्या ९,५६३ लोकांचा डेटा एकत्र केला तर एफटीओ कुठलाही असो, डाएट, व्यायाम किंवा औषधांनी वजन सारखंच उतरलं होतं. त्यामुळे 'माझ्या जीन्समुळे होणारच नाही' हे आधी डोक्यातून काढा.

आणि घरच्यांना एवढं नक्की सांगा की सख्ख्या बहिणींची जनुकं सरासरी निम्मीच जुळतात, तुम्ही दोघी काही एकसारख्या जुळ्या नाही. डाएटफिट्समध्येसुद्धा एकाच डाएटवर कोणाचं २५ किलोच्या वर उतरलं, कोणाचं उलट वाढलं, आणि ते सगळे चोरून खात होते असं कोणी म्हणत नाही.

प्रतिसाद २
एक भर घालते. जनुकीय तपासणी खरंच कामाची ठरते ती अगदी लहानपणापासून प्रचंड भूक आणि लठ्ठपणा असेल तेव्हा. तेव्हा लेप्टिन, एमसी४आर वगैरे भूक ताब्यात ठेवणाऱ्या जीन्सपैकी एकाच जीनमधला बिघाड असू शकतो, त्यातल्या काही प्रकारांवर २०२० पासून सेटमेलानोटाइड नावाचं औषधही आहे. पण ती तपासणी एंडोक्रायनोलॉजिस्ट (हार्मोन्सचे डॉक्टर) सांगतात, लाळेच्या डाएट-टेस्टचा त्याच्याशी संबंध नाही. तुमचं वजन कधीपासून वाढलं?

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार, वाचताना डोळे भरून आले. लहानपणी मी बारीकच होते, वजन पंचविशीनंतर वाढलं, म्हणजे तो प्रकार नसावा. निम्म्या जनुकांचं ताईला लगेच वाचून दाखवलं, आता आईबाबांना ती स्वतः सांगणार आहे. आता एवढंच सांगा, लो-फॅटवर मला दिवसभर भूक लागत राहते, तर रिपोर्ट बाजूला ठेवून फक्त पोट भरतंय का आणि टिकतंय का हे बघायला तीनेक महिने लो-कार्ब केलं तर चालेल ना? आधी थायरॉइड तपासून घेऊ का? कोणी असं डाएट मध्येच बदललं असेल तर प्लीज लिहा.