जुलैत आमचे पॅनल झोपतात, तेव्हा नेपाळची वीज का येत नाही?

डिचोलीकर:
गेल्या वर्षी छपरावर 3 किलोवॉटचे सौर पॅनल बसवले. केंद्राच्या सूर्यघर योजनेचे 78 हजार अनुदान खात्यात आले, तक्रार नाही. एप्रिलात दिवसाला 13 युनिट मिळायचे. जुलैत मात्र चार दिवस आकडा 3 च्या वर गेला नाही, त्यात वरून माडाची झावळ पडली ती वेगळीच. नेमक्या याच दिवसांत नेपाळ-भूतानच्या नद्या दुथडी वाहतात आणि तिकडे वीज उरते. 2024 च्या जानेवारीत भारताने दहा वर्षांत नेपाळकडून 10,000 मेगावॉट घेण्याचा करार केला. मग अडते कुठे? भूतानशी एवढे जमले, नेपाळशी का नाही? राजकारण नको. म्हणजे, थोडे चालेल.

जुना वायरमन, फोंडा:
भाऊ, मी भूतानात ताला जलविद्युत प्रकल्पावर तीन पावसाळे काढले. 1020 मेगावॉटचा प्रकल्प. हिशेब सरळ होता: पैसा भारताचा, त्यात 60 टक्के अनुदान आणि 40 टक्के कर्ज, उरलेली वीज घेणारेही आपणच. पुढे तिथल्याच मांगदेछू प्रकल्पाला हेच उलटे झाले, 30 अनुदान नि 70 कर्ज. पुनात्सांगछू-1 मध्ये तर 2013 त डोंगरच सरकला. धरण वर्षानुवर्षे अडले, कर्ज काही थांबले नाही.
आणि तिथे मोठी साठवण नाही. जानेवारीत नदी इतकी बारीक व्हायची, की आपल्या गोव्यातली साखळीची वाळवंटी नदी आठवायची. तेव्हा भूतान आपल्याकडून वीज घेतो.
नेपाळचे निराळे. ज्या प्रकल्पात चिनी पैसा किंवा चिनी ठेकेदार, त्याची वीज भारत घेत नाही. काठमांडूत खुपते ते हेच.

सत्तरीची बाय:
वायरमनदादा, वाटेचे विसरलात. नेपाळने बांगलादेशाला फक्त 40 मेगावॉट द्यायचे, तेही 15 जून ते 15 नोव्हेंबर, तरी 2024 च्या ऑक्टोबरात तिन्ही देशांना सही करावी लागली. मध्ये आपण आहोत ना! वीज नेपाळच्या ढल्केबरहून बिहारच्या मुझफ्फरपूरला येणाऱ्या लाइनने आपल्याकडे येते आणि बंगालातल्या बहरामपूरहून पलीकडे जाते.
तारा कुणाच्या तरी रानातून जाणारच. गोव्यात मोलेच्या जंगलातून छत्तीसगडच्या तमनारची वीजलाइन नेणार म्हटल्यावर 2020 मध्ये आपण किती ओरडलो! मीही होते, पश्चात्ताप नाही. पण मग नेपाळच्या तारा कुठल्या डोंगरावरून याव्यात, हे सांगताना जीभ जरा अडखळते.
शेजाऱ्याशी भागीदारी कशी असते ते गोवा-महाराष्ट्राच्या तिळारी धरणाला विचारा. कालवा फुटतो महाराष्ट्राच्या दोडामार्गात, नळ कोरडे पडतात गोव्याच्या बार्देशात.

डिचोलीकर:
तिळारीचे काढलेस ते बरे, बाय. माझी बहीण बार्देशातल्या पर्वरीला, बादल्या भरून ठेवण्यात तिचे आयुष्य चालले आहे.
वायरमनदादा, हिवाळ्यात आपण भूतानला देतो ती वीज कोळशाचीच ना?

जुना वायरमन, फोंडा:
रात्रीची बरीचशी तीच. दिवसा आता सौरही असते. तुझे पॅनल डिसेंबरात किती देतात ते इथे टाक. आणि आधी ती झावळ काढ.