जानेवारीत व्हेनिस, सोबत साडेतीन वर्षांची मुलगी: बाबागाडी न्यावी का? राहावं कुठे?

मुक्कामपोस्ट
४ ते ८ जानेवारी व्हेनिसमध्ये आहोत. दोघं मोठे, एक साडेतीन वर्षांची. दुपारी झोप लागतेच, आणि अर्धा-पाऊण किलोमीटर चाललं की कडेवर. विमानतळावरून थेट शहरात येणार. प्रश्न असे:
१. बाबागाडी न्यावी की नको?
२. मेस्त्रेमध्ये (पाण्यापलीकडे, मुख्य भूमीवर) हॉटेलं बरीच स्वस्त दिसतात. तिथे राहिलं तर?
३. पाणी भरतं त्याचं काय? आता धरण बांधलंय ना?
४. थंडीत मुलीला रमवायला काय आहे? आम्ही शाकाहारी आहोत, तेही सांगा.

पाणकावळा
तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्यावर बाकीचं ठरतं.

धरण नाही, समुद्राच्या तोंडाशी बसवलेले उचलते दरवाजे आहेत. नाव मोझे, पहिल्यांदा प्रत्यक्ष वापरले ३ ऑक्टोबर २०२० ला. भरतीचा अंदाज साधारण ११० सेंटीमीटर किंवा वर गेला की उचलतात. त्यामुळे २०१९ च्या नोव्हेंबरसारखं १८७ सेंटीमीटरचं संकट आता येऊ नये. पण सान मार्को चौक शहराच्या सर्वांत सखल भागात आहे, तिथे ८०-८५ लाच पाणी येतं. म्हणजे ८५ ते ११० च्या मधल्या भरतीला दरवाजे खालीच असतात आणि चौकात पाणी असतं. "मोझे आहे, आता काळजी नाही" म्हणणारे नेमके इथे फसतात.

दुसरा घोळ आकड्यांचा. १०० सेंटीमीटर भरती म्हणजे रस्त्यावर १०० सेंटीमीटर पाणी नव्हे. हा आकडा १८९७ साली ठरवलेल्या समुद्रपातळीपासून मोजतात. चौकापुरतं ढोबळ गणित: आकड्यातून ८० वजा करा. १०० च्या भरतीला तिथे वीतभर पाणी, म्हणजे लहान मुलाच्या गमबुटात वरून शिरेल इतकं. बाकीचं बहुतेक शहर तेव्हा कोरडंच असतं. पाणी दोन-चार तासांत ओसरतं, म्हणून सहल रद्द करायची नाही, फक्त सान मार्कोची वेळ पुढेमागे करायची. नगरपालिकेच्या भरती केंद्राचा पुढच्या काही दिवसांचा अंदाज रोज रात्री बघा. दक्षिणेकडून शिरोक्को वारा असेल तर जास्त सावध राहा.

चौकात लाकडी फळ्यांचे उंच मार्ग मांडतात. ते अरुंद असतात, त्यावर बाबागाडी अडते आणि मागची रांग खोळंबते. अशा वेळी मुलीला पाठीवर घ्या.

एक गोष्ट कुणी सांगत नाही: जानेवारीत हवेचा दाब जास्त असला की उलटं होतं, ओहोटी फार खोल जाते. बोटीचे थांबे तरंगते असल्यामुळे किनाऱ्यावरून थांब्याकडे उतरणारी फळी तेव्हा चांगलीच तिरकी होते. ओल्या फळीवर गाडी पुढे ढकलू नका. गाडीची पाठ उताराकडे करून, स्वतः खाली राहून उतरवा.

शेवटचाथांबा
बाबागाडी: न्या, पण पाच-सहा किलोची, एका हातानं मिटणारी. मोठ्या चाकांची तीन-चाकी अजिबात नको. शहरात चारशेहून जास्त पूल आहेत आणि जवळजवळ सगळ्यांना पायऱ्या. दोघांपैकी एक मूल उचलणार, दुसरा गाडी, हे दिवसातून वीस-तीस वेळा. पाठीवरची झोळीही सोबत ठेवा. ऑक्टोबरच्या मॅरेथॉनसाठी त्झात्तेरे आणि स्कियाव्होनीच्या काठावरच्या पुलांवर उतार बसवतात, ते पुढे काही महिने राहतात. असले तर सोनं. दुपारची झोप गाडीत उरकायची असेल तर त्झात्तेरे उत्तम: दक्षिणेकडे तोंड, ऊन मिळतं, काठ रुंद.

मेस्त्रे नको. रेल्वे दहा-बारा मिनिटांतच पोचवते, मान्य. पण दुपारी झोपायला परत जायचं म्हणजे थांबा, स्टेशन, पुन्हा स्टेशन. मग कुणी जात नाही, मूल संध्याकाळी पाचला किरकिरतं, आणि पाचला अंधार झालेला असतो. हॉटेलात वाचवलेले पैसे अशा वेळी कॅफेत बसण्यातच जातात.

त्यापेक्षा सांता लुचिया स्टेशन ते पोंते देल्ले गुल्ये पूल हा कान्नारेज्यो भागातला पट्टा बघा. मधे एकही पूल नाही, आणि सावोर्न्यान बागेत झोके-घसरगुंडी आहे. दिसायला हा भाग पोस्टकार्डी नाही, पण साडेतीन वर्षांच्या मुलीला पोस्टकार्डाचं काय!

घर घेणार असाल तर बुक करण्याआधी दोन गोष्टी विचारा. तळमजला आहे का? असेल तर सोडा. ओल भिंतीत असते, कपडे वाळत नाहीत. हीटिंग घराचं स्वतंत्र आहे की इमारतीचं? इटलीत हीटिंगला कायद्याची मर्यादा आहे. व्हेनिसच्या पट्ट्यात १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल, रोज जास्तीत जास्त १४ तास. सामाईक असेल तर रात्री बंद होतं आणि पहाटे घर गार पडतं. स्वतंत्र म्हणजे 'आउतोनोमो', तो शब्द जाहिरातीत शोधा.

विमानतळावरून बसनं पियात्साले रोमा, वीस-पंचवीस मिनिटं. तिथून स्टेशनच्या बाजूला जाताना २००८ चा नवा पूल समोर दिसेल. सामान आणि मूल घेऊन त्यावर चढू नका. त्याच्या काचेच्या पायऱ्यांवर इतके लोक घसरले की पालिकेला दगड बसवायला घ्यावा लागला. सरळ व्हापोरेत्तोनं (शहरातली सार्वजनिक बोट) एक थांबा जा.

तिसरीघंटा
वरच्यात भर.

व्हापोरेत्तोला सहा वर्षांखालच्यांना तिकीट नाही. मोठ्यांना ७५ मिनिटांचं तिकीट ९.५० युरो, ७२ तासांचा पास ४५. तुम्ही थकून एकेक थांबाही बोटीनं जाणार, तेव्हा पासच घ्या. प्रत्येक वेळी चढण्याआधी यंत्राला लावायचा, पास असला तरी. विमानतळाच्या आलिलागुना बोटींना हा पास चालत नाही. भरती जास्त असली की ४.१, ५.१ वगैरे मार्ग कान्नारेज्योच्या पुलांखालून जाऊ शकत नाहीत आणि वळवतात. तेव्हा १ नंबरची बोट धरा.

थंडीपेक्षा मला भीती काठांची वाटते. बहुतेक कालव्यांना कठडा नाही. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांच्या खालच्या दोन-तीन हिरव्या दिसतात, ते शेवाळ असतं, बर्फाइतकं निसरडं. मूल नेहमी भिंतीच्या बाजूला, मोठा माणूस पाण्याच्या बाजूला. धावरं असेल तर पाठीला लावायचा पट्टा घ्या, लोक काय म्हणतील ते म्हणोत.

तुमच्या तारखा मात्र झकास आहेत. ६ जानेवारीला एपिफनी, बाळ येशूच्या भेटीला तीन राजे आले त्याचा सण. त्या दिवशी ग्रँड कॅनॉलवर बेफाना चेटकिणीच्या वेषातले नावाडी शर्यत लावतात, रिआल्तो पुलाजवळ संपते. आणि सान मार्कोच्या घड्याळ-मनोऱ्यातून देवदूत आणि तीन राजांचे पुतळे बाहेर येऊन मेरीसमोरून सरकतात. वर्षात हे फक्त एपिफनीला आणि असेन्शनच्या (येशूच्या स्वर्गारोहणाचा सण) आठवड्यात होतं. खालून बघा, मनोऱ्याच्या आत सहा वर्षांखालच्यांना सोडत नाहीत.

पावसाच्या दिवसासाठी निसर्ग-इतिहास संग्रहालय, सान स्ताए थांबा. नायजरमधून आणलेला उरानोसॉरस डायनोसॉरचा अख्खा सांगाडा आहे. सोमवारी बंद. उंचावरून बघायचं तर सान जोर्जो माज्जोरे चर्चचा घंटामनोरा: लिफ्ट आहे, रांग कमी. तासाच्या ठोक्याला वर असाल तर मुलीचे कान झाका.

गोंडोला ३० मिनिटांना ९० युरो, आणि जानेवारीत पाण्यावर बसून कुडकुडायचं. कालवा ओलांडणारी त्रागेत्तो नाव २ युरोत, दोन मिनिटांत मुलीची हौस भागते. सांता सोफियाहून मासळीबाजाराकडची घ्या, पण सकाळीच.

मुक्कामपोस्ट
खूप आभार. मेस्त्रे रद्द. खाण्याचं आणि आजारपणाचं कुणी सांगेल का?

पाणकावळा
स्वयंपाकघरं साधारण १२ ते २.३० आणि मग थेट ७ नंतर. मोठं जेवण दुपारी बाहेर, रात्री घरी पास्ता. 'इन बियान्को' म्हटलं की नुसतं लोणी किंवा तेल घातलेला पास्ता मिळतो, मुलं खातात. पार्मेजान चीजमध्ये वासराचं रेनेट (पोटातून काढलेलं विरजण) असतं. चालत नसेल तर 'सेंत्सा फोर्माज्जो', म्हणजे चीज नको, सांगा. पास्ता ए फाजोली नावापुरतं राजम्याचं, त्यात अनेकदा डुकराचं मांस किंवा चरबी असते, विचारल्याशिवाय घेऊ नका. कार्निव्हलच्या आधीपासून फ्रितोले नावाची तळलेली बोंडं दिसतील. 'झाबायोने' हे अंड्याचं गोड क्रीम भरलेल्यात मार्साला वाइन असते आणि साध्या पिठातही दारूचा थेंब असू शकतो. ६ तारखेनंतर जेवणाची बरीच हॉटेलं सुट्टीवर जातात, एखादं हेरून ठेवलं असेल तर उघडं आहे का ते आधी विचारा.

औषधाचं दुकान हिरव्या क्रॉसवरून ओळखा. पॅरासिटामॉलचं सिरप तिथे 'ताकिपिरिना' नावानं मिळतं. डोस वजनावर असतो आणि मात्रा आपल्याकडच्या बाटलीपेक्षा वेगळी असू शकते, म्हणून मुलीचं वजन किलोत सांगा आणि मिलिलिटर फार्मासिस्टकडूनच लिहून घ्या. तातडीला ११२. शहरातलं मोठं रुग्णालय सान्ती जोव्हान्नी ए पाओलो, व्हापोरेत्तोचा थांबा 'ओस्पेदाले'.