कॅन्ससचं बास्केटबॉल खरं कोणाचं, नेस्मिथचं की फॉग ॲलनचं?

गुळाचा_चहा (धागाकर्ता)
दर मार्चला कॉलेज बास्केटबॉल रंगात आलं की कॅन्सस युनिव्हर्सिटीवाल्यांचं सुरू होतं, आमचा पहिला कोच म्हणजे खुद्द खेळ शोधणारा माणूस. हो, होता ना, कोण नाही म्हणतंय. जेम्स नेस्मिथने १८९१ ला स्प्रिंगफील्डला पीचच्या टोपल्या टांगून खेळ काढला आणि १८९८ ला लॉरेन्सला, कॅन्सस युनिव्हर्सिटीच्या गावी, आला. पण आला कशासाठी? चॅपल सांभाळायला आणि पोरांकडून व्यायाम करून घ्यायला. पहिलीच मॅच, १८९९ ची, कॅन्सस सिटीच्या वायएमसीएकडून १६-५ ने हरले, आणि १९०७ पर्यंतचा एकूण हिशोब ५५ जिंकल्या ६० हरल्या. आजवर या टीमच्या सगळ्या कोचेसमध्ये जिंकल्यापेक्षा जास्त हरलेला एकटा हाच.
प्रोग्रॅम उभा केला तो फॉग ॲलनने. नेस्मिथच्याच हाताखाली खेळलेला, १९०७ ते ०९ आणि मग १९१९ पासून थेट १९५६ पर्यंत कोच, ५९० विजय, १९५२ ची एनसीएए ट्रॉफी, म्हणजे देशभरच्या कॉलेजांचं अजिंक्यपद. त्याच्या हाताखाली खेळलेली दोन पोरं कोच होऊन कुठे गेली बघा, ॲडॉल्फ रप केंटकीला, डीन स्मिथ नॉर्थ कॅरोलिनाला. म्हणजे आज ज्या टीम्सशी यांची खुन्नस आहे त्यातल्या दोन यांच्याच माणसांनी मोठ्या केल्या. नेस्मिथ हा दुकानात हार घालून टांगलेला फोटो आहे, गल्ल्यावर बसला तो ॲलन. माझं मत संपलं, आता या मैदानात.

जेहॉक_जावई
धागा वाचून पोहे घशात अडकले. अरे ५५-६० काय घेऊन बसलास, त्या काळी समोर कोण असायचं? वायएमसीएचे आणि क्लबचे बाप्ये गडी, आणि इकडे कॉलेजची पोरं. शिवाय नेस्मिथला कोचिंग ही भानगडच मान्य नव्हती, हा खेळ खेळायचा असतो शिकवायचा नसतो असं त्याने ॲलनलाच ऐकवलं होतं असं सांगतात. जो माणूस जिंकायला बसलाच नव्हता त्याला जिंकण्याच्या फूटपट्टीने मोजायचं हा कुठला न्याय?
आणि त्याचा खरा वारसा बघायचा तर जॉन मॅक्लेंडनचं नाव तुझ्या पोस्टमध्ये का नाही? कृष्णवर्णीय मुलगा, १९३३ ला कॅन्ससला आला, नेस्मिथ त्याचा सल्लागार. १९३६ ला पदवी घेतली पण टीममध्ये खेळता आलं नाही कारण टीम फक्त गोऱ्यांची. पुढे टेनेसी ए अँड आयला कोच म्हणून लागोपाठ तीन एनएआयए (लहान कॉलेजांची संघटना) अजिंक्यपदं, १९५७, ५८, ५९. आज जो पळापळीचा फास्ट ब्रेक बघतोस ना त्यात या माणसाचा मोठा हात आहे. आता सांग, त्याला शिकवत कोण होतं आणि ज्या टीममध्ये त्याला जागा नव्हती ती टीम कोणाची होती? कोच ॲलन. ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे खेळ विभागाचा प्रमुख, कोण? तोही ॲलन.

गुळाचा_चहा
जावईबापू, मॅक्लेंडन थोर माणूस, वाद नाही. पण त्यावेळी अख्ख्या कॉन्फरन्सचा (एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचा) कारभारच तसा होता, एकट्या ॲलनच्या बोकांडी कशाला? आणि १९५२ च्या विजेत्या टीममध्ये लाव्हॅन्स स्क्वायर्स होता, कॅन्ससचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, त्याला घेणारा ॲलनच. विल्ट चेंबरलेनसारख्या दिग्गज खेळाडूला फिलाडेल्फियाहून लॉरेन्ससारख्या गावात कोणी आणलं? तेही ॲलनने.
अजून एक, १९२७ ला नियम समिती ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेणं) एका टप्प्यावर आणायला निघाली होती तेव्हा देशभरच्या कोचेसची संघटना बांधून ते हाणून पाडणारा कोण? ॲलन हो. बर्लिन १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये खेळ जावा म्हणून वर्षानुवर्षं खेटे घालणाराही तोच. नेस्मिथने खेळ काढला, मान्य, पण पुढे तो टिकवायला भांडावं लागतं आणि ते भांडण याने केलं.

जेहॉक_जावई
आणायचं काय कौतुक, तिथे कृष्णवर्णीय विल्टला वर्णभेद सोसावा लागला ते कोण बघणार? १९३६ ते १९५१ ही मधली पंधरा वर्षं "कारभारच तसा होता" म्हणून सोडून द्यायची? ज्याचं वजन ऑलिंपिकवाल्यांकडे चालतं त्याचं आपल्या कॉलेजात चालत नव्हतं होय.

खवचट_काकू
पॉपकॉर्न संपले म्हणून लिहिते. तुम्ही दोघं संतमहात्म्यांवर भांडताय आणि तिकडे बॅनरचा हिशोब कोणी विचारत नाही. कॅन्ससच्या हॉलमध्ये १९२२ आणि १९२३ च्या अजिंक्यपदांचे बॅनर टांगलेत, ती मैदानात जिंकलेली नाहीत हो, हेल्म्स फाउंडेशन नावाच्या संस्थेने नंतर मागे वळून वाटलेली. फाउंडेशनच १९३६ चं! एनसीएए स्पर्धा १९३९ ला सुरू झाली, त्यातल्या खऱ्या चार: १९५२, १९८८, २००८, २०२२. चार पण काही कमी नाहीत की, मग खोटी भर कशाला.
आणि १९८८ ला डॅनी मॅनिंगने एकहाती उचलली, त्या सीझनला ११ मॅचेस हरूनही ओक्लाहोमाला ८३-७९ ने पाडलं, मस्तच. पण कोच लॅरी ब्राऊन लगेच सटकले सॅन अँटोनियोच्या व्यावसायिक टीमकडे आणि मागे नियमभंगाची चौकशी, पुढच्या वर्षी विजेत्यांना स्पर्धेत उतरायचीच बंदी. परत २०१८ चा फायनल फोर (शेवटच्या चार टीम्सची फेरी), तो २०२३ ला रेकॉर्डमधून पुसला. इतिहास लिहायचा तर हेही लिहा.

झोन_डिफेन्स
काकू +१, पण १९५७ ची फायनल राहिली की. तीन ओव्हरटाइम, नॉर्थ कॅरोलिना ५४, कॅन्सस ५३, समोरची टीम अख्खा सीझन ३२-० ने, म्हणजे एकही मॅच न हरता, संपवून गेली. विल्टभोवती दोन तीन जण सतत चिकटलेले. ॲलनला आदल्या वर्षी वयाची सत्तर झाली म्हणून घरी बसवलं होतं, त्यामुळे स्वतः आणलेल्या पोराला व्हर्सिटीत, म्हणजे कॉलेजच्या मुख्य टीममध्ये, एकही मॅच त्याने कोच केली नाही, बाकावर कोच म्हणून डिक हार्प. ॲलन असता तर जिंकले असते असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, मग ते सिद्ध करून दाखवा. नाही दाखवता येत. म्हणूनच हा वाद चालतो.

गुळाचा_चहा
एका पॉइंटने हरले हो. एका. बाकावर ३९ सीझन बघितलेला म्हातारा असता तर एक पॉइंट निघाला नसता?

नवखा_पण_बोलका
मी फक्त अलीकडचं बघतो त्यामुळे मला दोन्ही बाबा लांबचे. माझं मत अलीकडचा कोच बिल सेल्फ. २००८ ला मारियो चाल्मर्सची २.१ सेकंद उरलेली असतानाची तीन पॉइंटची बास्केट, मेम्फिसला ओव्हरटाइममध्ये पाडलं. २०२२ ला हाफटाइमला १५ ने मागे आणि शेवटी ७२-६९, तेही नॉर्थ कॅरोलिनाविरुद्ध. २००५ ते २०१८ सलग १४ वर्षं कॉन्फरन्सचं अजिंक्यपद. नोव्हेंबर २०२४ ला मिशिगन स्टेटला हरवून ५९१ वा विजय, म्हणजे फॉग ॲलनही मागे. २०१८ च्या सीझनच्या पुसलेल्या १५ जिंकलेल्या मॅचेस धरल्या तर केव्हाच मागे पडला होता. धाग्याचं नाव बदला.

गुळाचा_चहा
सेल्फला हॉल आयता मिळाला, पब्लिक आयतं मिळालं, १६,३०० लोक ओरडायला. १९५५ ला तो हॉल उघडला तेव्हा त्यावर नाव कोणाचं लावलं? ॲलन फील्डहाउस. नेस्मिथ फील्डहाउस नाही.

जेहॉक_जावई
आणि आतल्या कोर्टाचं नाव काय आहे ते पण सांग की लोकांना. जेम्स नेस्मिथ कोर्ट. शेजारच्या इमारतीत काचेखाली काय ठेवलंय? नेस्मिथचे मूळ १३ नियम, एका माजी विद्यार्थ्याने २०१० ला लिलावात ४३ लाख डॉलर मोजून आणलेले. ॲलनच्या कुठल्या कागदाला एवढे दिले कोणी?

खवचट_काकू
बघा, शेवटी किमतीवरच आलात दोघं. मला वाटलंच होतं. ते १९२२ च्या बॅनरचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही, मी वाट बघतेय.