उसाचं बिल, चिऱ्याची रॉयल्टी: विश्वस्तांनी उत्पन्नात काय धरायचं आणि मुद्दलात काय

विषय: कौटुंबिक ट्रस्टची आवक
प्रेषक: निपाणीवाला

मंडळी, नमस्कार.

आपल्यापैकी बरेच जण गावाकडच्या कौटुंबिक ट्रस्टवर विश्वस्त आहेत, म्हणून प्रश्न सगळ्यांसमोरच टाकतो. नेहमीचा नमुना धरू. दस्तात लिहिलंय की आईला हयातभर 'निव्वळ उत्पन्न' द्यावं आणि तिच्यानंतर मूळ मालमत्ता, म्हणजे ट्रस्टचं मुद्दल, नातवंडांना जावी. मालमत्तेत चिकोडीकडे दोन एकर ऊस, बेळगावात खडेबाजारात भाड्यानं दिलेलं दुकान, खानापूर तालुक्यात चिऱ्याची खाण असलेलं माळरान, थोडे शेअर आणि मुदत ठेवी.

पासबुकात जमा झालेलं सगळं आईचं, असं धरून बहुतेक ठिकाणी काम चालतं. ते बरोबर आहे का?

---

प्रेषक: कॅम्पातली ताई

नाही. पासबुकातली ओळ म्हणजे उत्पन्न नव्हे. एका ओळीत तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. ज्या दिवशी रक्कम येते त्याच दिवशी ती फोडून लिहायला हवी, कारण दोन वर्षांनी चिठ्ठ्या सापडत नाहीत.

ऊस घ्या. आकडे समजण्यापुरते. ८० टन, तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला ३,००० म्हणजे बिल २,४०,०००. त्यातून पीकेपीएसच्या (गावच्या प्राथमिक कृषी पत सहकारी संस्थेच्या) पीककर्जाची वसुली ७०,०००, बोअर आणि पंपासाठी काढलेल्या मुदत कर्जाचा हप्ता ४०,००० (त्यात कर्जाची मुद्दलफेड २८,००० आणि व्याज १२,०००), कारखान्याच्या शेअरपोटी कपात ५,०००. खात्यावर आले १,२५,०००. तेवढेच आईला दिले, तर तिच्यावर अन्याय झाला.

असं का? पीककर्ज बियाणं-खत-लागणीत गेलं, म्हणून ते पिकाचाच खर्च आणि उत्पन्नातून जाणार. मुदत कर्जाचं व्याजही उत्पन्नातून. पण त्या कर्जाची मुद्दलफेड म्हणजे नातवंडांच्या जमिनीत पडलेला पैसा, तो ट्रस्टच्या मुद्दलानं सोसायचा. शेअरची कपात तर खर्चच नव्हे, ती मालमत्तेची खरेदी. म्हणजे २,४०,००० वजा ७०,००० वजा १२,००० केले की आईचे होतात १,५८,०००. राहिलेले ३३,००० मुद्दलाच्या खात्यातून भरून द्यायचे. त्या खात्यात रोकड नसेल तर 'मुद्दलाकडून उत्पन्नाला येणे ३३,०००' अशी नोंद ठेवा आणि पुढं मुद्दलाची रक्कम आली की आधी ती फेडा.

इथं हमखास होणारी चूक म्हणजे पीककर्जातून आणलेल्या खताचं बिल खर्चात धरायचं आणि त्याच कर्जाची वसुलीही धरायची. एकच खर्च दोनदा वजा होतो. दोन्हींपैकी एकच धरा.

खोडव्याचंही सांगते, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटलेल्या पिकाचं. बुडखा जुना असला तरी पीक नवं, त्यामुळं खोडव्याचं बिल पूर्ण उत्पन्न. झाडांचं तसं नाही. काजूच्या बिया उत्पन्न, काजूचं झाड तोडून विकलं तर मुद्दल. बांधावरचा साग किंवा फणस तोडला तरी मुद्दल. निलगिरी मात्र ठरावीक वर्षांनी तोडून परत फुटवा घेण्यासाठीच लावलेली असते, तिची तोड उत्पन्नात धरायला हरकत नाही.

---

प्रेषक: खानापूरवाला

ताई, उसाचं पटलं. चिऱ्याचं मात्र सोपं आहे. अमेरिकेतल्या १९९७ च्या नमुना कायद्यात खनिजाच्या रॉयल्टीचा (काढलेल्या मालापोटी जमीनमालकाला मिळणाऱ्या रकमेचा) ९० टक्के भाग मुद्दल आणि १० टक्के उत्पन्न धरतात. इथं अमेरिकेत आमच्याकडं तसंच चालतं. तेच लावून टाकूया.

---

प्रेषक: कॅम्पातली ताई

दादा, ते खानापूरच्या माळावर लागू होत नाही. तो नमुना आहे, तो तिथल्या एकेका राज्यानं आपापल्या कायद्यात घेतला आणि टक्क्यांत फेरफारही केले. इथल्या जमिनीच्या खासगी ट्रस्टला भारतीय विश्वस्त कायदा, १८८२ लागतो आणि त्यात असा कुठलाच टक्का नाही. जे आहे ते तत्त्व. कलम १७ सांगतं की विश्वस्तानं सगळ्या लाभार्थ्यांशी निःपक्षपाती वागावं. कलम १६ सांगतं की एकामागून एक लाभार्थी असतील आणि मालमत्ता झिजत जाणारी असेल, तर दस्तात वेगळा हेतू दिसत नसेल तर ती विकून कायमस्वरूपी आणि लगेच उत्पन्न देणाऱ्या मालमत्तेत बदलावी.

चिरा म्हणजे जांभा. तो एकदा काढला की पुन्हा उगवत नाही. पूर्ण रॉयल्टी आईला दिली तर नातवंडांच्या हाती खड्डा उरतो. पूर्ण मुद्दलात घातली तर आईला त्या माळाचं काहीच मिळत नाही. ट्रस्ट केला तेव्हा खाण चालू होती का, हे आधी बघा. इंग्लंडच्या जुन्या न्यायालयांनी हाच भेद केला होता. आधीपासून चालू खाणीची रॉयल्टी हयातीतल्या लाभार्थ्याची, कारण देणाऱ्याला ते उत्पन्न माहीत होतं. नव्यानं उघडलेल्या खाणीचा मोठा वाटा मात्र मुद्दलाचा. दस्तात टक्का नसेल तर असा काही आधार धरून ठराव लिहा, कारण नोंदवा आणि दर वर्षी तोच टक्का ठेवा. गरजेप्रमाणं तो बदलत गेलं की निःपक्षपातीपणा गेलाच.

शेअरचं थोडक्यात. रोख लाभांश उत्पन्न. बोनस म्हणून फुकट आलेले शेअर, राइट्स (नवे शेअर घेण्याचा हक्क) विकून आलेले पैसे, बायबॅकची (कंपनीनं शेअर परत विकत घेतल्याची) रक्कम हे सगळं मुद्दल. डिमॅट खात्यात बोनसचे शेअर आले म्हणून 'यंदा आईला जास्त मिळालं' असं समजू नका.

---

प्रेषक: निपाणीवाला

रस्त्यात जमीन गेली तर? बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपासपासून हे सगळीकडं ऐकू येतं.

---

प्रेषक: कॅम्पातली ताई

निवाड्याचा कागद मागून घ्या, नुसत्या जमा रकमेवर जाऊ नका. निवाड्यात जमीन, बांधकाम, झाडं आणि उभं पीक यांची किंमत वेगळी धरलेली असते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार जमिनीची भरपाई, तिच्यावरचं शंभर टक्के सोलेशियम (सक्तीनं जमीन घेतल्याबद्दलची जादा रक्कम) आणि बाजारभावावरचे वार्षिक १२ टक्के मुद्दलात घाला, कारण हे सगळं गेलेल्या जमिनीचं मोल आहे. उभ्या पिकाची भरपाई आईची, ते पीक तिनं घेतलंच असतं. ताबा घेऊनही पैसे वेळेत दिले नाहीत तर पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढं १५ टक्के व्याज मिळतं, तेही उत्पन्नात. सगळ्यांत जास्त भांडणं इथंच होतात, कारण धनादेश एकच येतो.

दुकानाचं भाडं उत्पन्न, त्यात वाद नाही. भाडेकरूनं ठेवलेला अॅडव्हान्स (अनामत) मात्र उत्पन्नही नाही आणि मुद्दलही नाही, ते देणं आहे, वेगळ्या खात्यात ठेवा. भाडेकरू गेल्यावर त्यातून थकलेलं भाडं कापलं तर तेवढं उत्पन्न. शटर किंवा फरशी मोडली म्हणून कापलं तर ते त्या दुरुस्तीलाच लावा. दुकानाची रंगरंगोटी, घरफाळा, विम्याचा हप्ता उत्पन्नातून. नवा मजला चढवला किंवा छत बदललं तर मुद्दलातून.

ठेवींबद्दल एवढंच, की पाच वर्षांची व्याज साठवणारी ठेव आईच्या ट्रस्टला घेऊ नका. पाच वर्षं तिच्या हाती काहीच येत नाही, आणि मधेच ती गेली तर साठलेलं व्याज कुणाचं यावर वाद उभा राहतो. तिमाही व्याज देणारी ठेव घ्या.

---

प्रेषक: खानापूरवाला

त्यावरूनच विचारतो. ऊस १० डिसेंबरला कारखान्याला गेला, आई २० डिसेंबरला वारली, बिल मार्चमध्ये आलं. कुणाचं?

---

प्रेषक: कॅम्पातली ताई

अमेरिकी नमुन्यात उत्तर कडक आहे: लाभार्थी जाण्याआधी विश्वस्ताच्या हाती आलेलं पण वाटायचं राहिलेलं उत्पन्नच तिच्या वारसांचं. येणं बाकी असलेलं नाही. म्हणजे मार्चचं बिल पुढच्या लाभार्थ्यांकडं गेलं असतं. आपल्याकडं लोक कष्टाचं पीक म्हणून उलट बाजूनं भांडतील. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणं ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, पुढं १५ टक्के व्याज. १० तारखेचं बिल देय झालं २४ ला, म्हणजे आई गेल्यानंतर. देय तारीख धरायची की तोडणीची, हे दस्तानं सांगितलं नसेल तर दोन्ही बाजूंना वकील मिळतो.

नवा दस्त करणाऱ्यांनी असं कलम घालावं:

'हयातीतील लाभार्थ्याच्या मृत्यूपूर्वी तोडून कारखान्यास दिलेल्या उसाचे बिल, ते केव्हाही मिळाले तरी, तिच्या हयातीतील उत्पन्न समजावे. खनिजाच्या रॉयल्टीचा ... टक्के भाग मुद्दल व उर्वरित उत्पन्न समजावा. मुदत कर्जाची मुद्दलफेड व शेअर खरेदी मुद्दलातून करावी.'

टक्क्याची जागा कोरी ठेवून नोंदणीला जाऊ नका, तसं झालेलं दिसतं.

---

प्रेषक: निपाणीवाला

जुन्या दस्तात हे घालता येईल का? विश्वस्तांनी ठराव केला तर चालेल?

---

प्रेषक: कॅम्पातली ताई

दस्त जिथं गप्प आहे तिथं हिशेबाची पद्धत ठरावानं ठरवता येते. दस्तानं सांगितलेलं बदलायचं असेल तर कलम ११ प्रमाणं सगळ्या सज्ञान लाभार्थ्यांची संमती लागते. नातवंडं अज्ञान असतील तर त्यांच्या वतीची संमती फक्त मूळ अधिकारक्षेत्राचं प्रमुख दिवाणी न्यायालय देऊ शकतं, त्यांचे आईवडील नाहीत. पालकांच्या सह्या घेऊन भागवलेले ठराव पुढं नातवंडांनीच मोडल्याचं आढळतं. ट्रस्टच्या कारभारातल्या सरळ प्रश्नावर कलम ३४ खाली न्यायालयाचं मत मागता येतं, पण तपशिलाच्या, किचकट किंवा महत्त्वाच्या प्रश्नांना तो रस्ता नाही.

आणि देवस्थानाच्या किंवा धर्मादाय ट्रस्टला हे काहीच लावू नका. १८८२ चा कायदा त्यांना वगळतो. तिथं देणगीदारानं 'कॉर्पससाठी' (कायम निधीसाठी) असं लेखी दिलं आहे का, हा पहिला प्रश्न. त्याचा वेगळा धागा काढते, आपल्यातले परदेशी पासपोर्टवाले देणगी देतात तेव्हा एफसीआरए (परदेशी देणग्यांवरचा कायदा) हाही आडवा येतो.