पाट्या वाढवून विमानतळावर वाट सापडत नाही

वाटसरू: "प्रवासी चुकतात कारण पाट्या कमी, दर २० मीटरला एक लावा," असं काल इथे कुणी ठोकून दिलं. साफ चूक! माणूस सरळ बोळात चुकत नाही, फाट्यावर चुकतो. फाट्याआधी एक पाटी, फाट्यावर एक आणि वळल्यावर खात्री पटवणारी एक. बाकीच्या काढा. ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर गेट-आगमनाच्या पाट्या पिवळ्यावर काळ्या अक्षरांत, सोयीसुविधांच्या काळ्यावर पिवळ्या. घाईतली नजर फक्त पिवळं शोधते.

अक्षरजुळणी: रंगांचं कौतुक पुरे. अक्षरच बारीक असेल तर रंग काय करणार? उंची साधारण अंतराच्या तीनशेव्या भागाइतकी हवी. ३० मीटरवरून वाचायचं तर १०० मिमी. देवनागरीत वेलांट्या-उकारांना वरखाली जागा लागते. रोमन (इंग्रजी) अक्षरांच्या मापाच्या पट्टीत कोंबलं की मूळ अक्षर आक्रसतं.

पायरी_पायरी: बाणांबद्दल दोघेही गप्प का? 'सरळ जा'साठी खाली टोकाचा बाण लावतात, शेजारी जिना असला की लोक उतरू लागतात. सरळ म्हणजे वर टोक. विषय संपला.

वाटसरू: संपला कसा? समोर सरकता जिना असेल तर वर टोक म्हणजे 'चढा'!

पायरी_पायरी: नीट वाचा. मजला बदलायचा तिथे तिरका बाण आणि जिन्याचं चित्र. सरळला कायम उभा. नियम अख्ख्या इमारतीत एकच हवा, एका मजल्यावर मोडला की बाकीच्या पाट्यांवरचाही विश्वास जातो.

अक्षरजुळणी: आणि चाकाच्या खुर्चीवरच्या प्रवाशानं जिन्याच्या चित्राचं काय करायचं? लिफ्टचा बाण त्याच पाटीवर हवा, पुढच्या कोपऱ्यावर नव्हे.

पायरी_पायरी: हे माझ्याकडून सुटलं. मान्य.

गवंडी: बाणांवर भांडत बसा! समोर जाहिरातीचा झगमगता फलक टांगला की कुठलाच बाण दिसत नाही. आधी पाट्यांच्या दृष्टिरेषा नकाशावर आखा, उरलेल्या जागेत जाहिराती. होतं नेमकं उलटं, आणि यावर कुणी बोलत नाही.

दर_वीस: कालचं लिखाण माझं. ४०० मीटरच्या बोळात फाटा नसला तरी माणूस थबकतो, "गेट मागे राहिलं" समजून उलटा फिरतो. तिथे पाटी लागतेच, आणि तिच्यावर चालायची मिनिटंही लिहा.

वाटसरू: लांब बोळापुरतं मान्य. तिथेही २० मीटरचा हट्ट नको. मागची पाटी नजरेआड झाली की पुढची दिसावी, एवढंच. आणि वर टोकाचा बाण, तिरका सोबत असेल तरच.