पुस्तकपेटी दोन वर्षांच्या मुलाच्या घरी देण्याबाबत

प्रेषक: शिशुवर्गातील पालक (धाकट्याची आई)

सर्वांना सप्रेम नमस्कार.

रविवारी आपल्या न्यू जर्सीतील मंडळाचा मराठी वर्ग सुटल्यावर मी ग्रंथालयकाकांकडे पुस्तकपेटी मागितली, तेव्हा ती चार वर्षांवरील मुलांच्या घरीच जाते, असे त्यांनी सांगितले. हा नियम ज्या बैठकीत ठरला त्या बैठकीत मीही हात वर केला होता, त्यामुळे तक्रार करण्याचा मला फारसा अधिकार नाही. परंतु त्या वेळी आमचा मुलगा पाळण्यात होता आणि आज तो २६ महिन्यांचा आहे. पाणी, नको, बाबा, अजून, बॉल, मोअर असे मिळून तो जेमतेम १५ शब्द बोलतो, दोन शब्द जोडत नाही, आणि काही हवे असले की आमचे बोट धरून तिकडे ओढत नेतो. डॉक्टरांनी श्रवणचाचणी आणि भाषेची तपासणी अशा दोन्ही गोष्टी लिहून दिल्या आहेत आणि तोवर घरी चित्रांची पुस्तके घेऊन त्याच्याशी भरपूर बोलावे, असे सुचवले आहे. पाळणाघरातील बाईंनी मात्र घरातले मराठी काही महिने बंद ठेवण्याचा सल्ला दिला, आणि खरे सांगायचे तर गेले आठ दिवस आम्ही दोघे त्याच्याशी अडखळत इंग्रजीत बोलत आहोत.

पेटी येत्या रविवारी मिळू शकेल का, आणि घरी नेमके काय करावे, एवढेच विचारायचे आहे.

प्रेषक: ग्रंथालय (काका)

नमस्कार.

मुलाबद्दल वाचून काळजी वाटली. तरीही नियमामागचे कारण सांगणे माझे कर्तव्य आहे, कारण नव्या सभासदांना ते माहीत नसावे. पेटीतील बहुतेक पुस्तके मी आणि आमच्या सौभाग्यवतींनी भारताच्या दर फेरीला पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून निवडून, २३ किलोंच्या बॅगेत पापड-मसाल्यांची जागा कमी करून आणलेली आहेत. ती पातळ कागदाची आहेत. मागे एकदा पेटी लहान मुलांच्या घरी गेली, तेव्हा एका पुस्तकाची मधली आठ पाने नव्हती आणि दुसऱ्याच्या मुखपृष्ठावर वरण-भात वाळलेला होता. ते घर कोणाचे, हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून नाव घेत नाही. यावर दोन मार्ग मला सुचतात: २५ डॉलरची अनामत ठेवावी, किंवा वर्गाच्या वेळेत ग्रंथालयाच्या खोलीत, माझ्यासमोर बसून पुस्तके पाहावीत.

प्रेषक: खजिनदार

अनामत रक्कम कार्यकारिणीच्या मंजुरीशिवाय घेता येणार नाही. ती परत करायची असल्यामुळे जमेत दाखवता येत नाही आणि वेगळे खाते ठेवावे लागते. मागच्या वर्षी भोंडल्याच्या वेळी खुर्च्यांच्या अनामतीवरून काय झाले, ते आठवावे.

प्रेषक: शिशुवर्गाची ताई

नमस्कार. मंडळात मी शिशुवर्ग घेते, पण माझा पोटापाण्याचा व्यवसाय स्पीच थेरपीचा आहे, म्हणून अनामतीचा प्रश्न बाजूला ठेवून आधी वहिनींना उत्तर देते.

वहिनी, कृपया आजपासून पुन्हा मराठीत बोला. दोन भाषा ऐकल्याने मूल उशिरा बोलते, ही समजूत चुकीची आहे. उलट आईवडील ज्या भाषेत चिडतात, हसतात, गोंजारतात, ती भाषा काढून घेतली की घरातले बोलणेच निम्मे होते. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले एकत्र मोजा. अजून आणि मोअर हे दोन शब्द आहेत, आणि कुत्र्याला तो नेहमी भूभू म्हणत असेल तर तोही शब्दच. असे असले तरी दोन वर्षांच्या सुमारास बहुतेक मुले दोन शब्द जोडू लागतात, म्हणून तपासणी पुढे ढकलू नका. तीन वर्षांखालील मुलांसाठी प्रत्येक राज्यात अर्ली इंटरव्हेन्शनची, म्हणजे वाढीत मागे पडणाऱ्या मुलांना लवकर मदत देण्याची सरकारी व्यवस्था आहे. तिथे आईवडील स्वतः फोन करू शकतात, तपासणीचे पैसे पडत नाहीत, आणि फोन केल्यापासून ४५ दिवसांत तपासणी व पुढची बैठक व्हावी असा नियम आहे. मराठी दुभाषा मागून घ्या, संकोच करू नका. श्रवणचाचणी तर टाळूच नका. जन्मल्यावर केलेली चाचणी चांगली आली असली तरी पुढे सर्दीमुळे कानाच्या पडद्यामागे पाणी साचून मुलाला कमी ऐकू येऊ शकते, आणि पाण्यात बुडी मारून ऐकावे तसे शब्द त्याच्यापर्यंत पोहोचतात.

आता घरातले. सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे आपण गप्प बसणे. त्याने तुमचे बोट धरून फ्रिजपाशी नेले की दार लगेच उघडू नका; त्याच्या उंचीला खाली बसा, त्याच्या तोंडाकडे पाहा आणि मनात पाच आकडे मोजा. तो काहीच म्हणाला नाही तर "दूध की केळं?" असे दोन्ही हातांत धरून विचारा. तो "पाणी" म्हणाला तर "गार पाणी" किंवा "पाणी सांडलं" म्हणा, म्हणजे त्याच्या शब्दाला तुमचा एकच शब्द जोडा. त्याच्याकडून तो वदवून घेण्याचा हट्ट धरू नका. "हे काय? ते काय?" अशी परीक्षा घेतली की बोलू लागलेली मुलेही तोंड मिटून बसतात, हे मी रोज पाहते.

पुस्तकाचेही तसेच आहे. १९८८ साली मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतच एक साधा प्रयोग केला होता. साधारण पावणेदोन ते तीन वर्षांची मुले असलेल्या पालकांचे त्यांनी दोन गट केले. पुस्तके दोन्हीकडे वाचली जात होती, पण एका गटाला मध्येच थांबून मुलाला विचारायचे, त्याचे उत्तर थोडे वाढवून परत सांगायचे आणि हळूहळू गोष्ट त्याच्याच तोंडी सोपवायची, हे शिकवले होते. महिन्याभरात त्या गटातील मुले बोलण्यात स्पष्ट पुढे गेली. म्हणून मजकूर पूर्ण वाचण्याचा आग्रह सोडा. काऊचिऊची गोष्ट याच कामासाठी घडवल्यासारखी आहे, कारण काऊ दार वाजवतो आणि चिऊ दर वेळी काहीतरी निमित्त सांगून त्याला थांबायला लावते. तिसऱ्या चौथ्या दिवशी "काऊ म्हणाला, चिऊताई, दार उघड, चिऊ म्हणाली..." इथे थांबून पाहा. "थांब" हा शब्द त्याच्याकडून येईल, कदाचित नुसता हात वर होईल. तोही चालतो.

आणि काका, खोलीत तुमच्यासमोर बसून हे होणार नाही. दोन वर्षांच्या मुलाला पान उलटायचे असते, चाटायचे असते, उलटे धरायचे असते. त्याचे वाचन तिथूनच सुरू होते.

प्रेषक: माजी सांस्कृतिक चिटणीस

ताईंशी बहुतांशी सहमत आहे, पण चाटण्यापासून वाचन सुरू होते हे जरा अतीच झाले. आमच्या मुलीला तिसऱ्या वर्षी सगळी मुळाक्षरे येत होती, कारण आम्ही तिच्या पलंगाशी तक्ता लावला होता आणि झोपण्यापूर्वी रोज तो म्हणून घेत होतो. तोच तक्ता मी वर्गासाठी मंडळाला दिला होता. तो सध्या कोणाकडे आहे, हेही या निमित्ताने कळावे.

प्रेषक: आपल्या मुलाकडे आलेली एक आजी (सहा महिन्यांसाठी)

चि. चिटणीस यांस अनेक आशीर्वाद. मी ३१ वर्षे पालघरकडे बालवाडी चालवली, म्हणून चार शब्द लिहिते. टंकन नातू करीत आहे.

तो तक्ता मी वर्गात पाहिला आहे. उ उखळाचा, ऐ ऐरणीचा, औ औताचा. न्यू जर्सीतल्या मुलाने उखळ कुठे पाहायचे? आमच्या मुलांनी औत पाहिले होते, म्हणून तो तक्ता त्यांना बोलत असे. इथे ती तीन चित्रे म्हणजे मुलाला पाठ करायच्या तीन खुणा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले, तेव्हा विकतच्या साधनांऐवजी बिया, पाने, शंख-शिंपले हातात दिले, कारण मुलाच्या अंगणात तेच होते. इथले अंगण म्हणजे स्वयंपाकघर. डब्यांवर ठळक अक्षरांत पोहे, रवा, मीठ अशा चिठ्ठ्या लावाव्यात आणि मुलाला डबा आणायला सांगावे. आमच्या घरी धाकट्या नातीला वाचता येत नसताना "पोहे" ओळखता येऊ लागले, केवळ डोक्यावरच्या मात्रेवरून. अक्षरे शिकवायची तेव्हा ग म भ न पासून शिकवावीत, वळण सोपे आहे. पण त्याला अजून दोन वर्षे अवकाश आहे.

पुस्तके फाटतात तर न फाटणारी करावीत. जुन्या सुती साडीचे चौकोन शिवून त्यावर कापडी चित्रे लावली की धुताही येतात. नाहीतर घरच्यांचे फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवावेत: आजोबा चहा पितात, बाबा बर्फ काढतात, बाळ पडले. स्वतःच्या पडण्याचा फोटो पाहून न बोलणारे मूल मी अजून पाहिलेले नाही.

ग्रंथपालांना सांगणे एवढेच की, पुस्तकावर वरण-भात सांडला म्हणजे ते जेवताना उघडले होते.

प्रेषक: ग्रंथालय (काका)

आजींना नमस्कार. आपण वडीलधाऱ्या आहात, म्हणून वरण-भाताबद्दल अधिक लिहीत नाही.

पेटीचे दोन भाग करण्यास माझी हरकत नाही. मूळ पेटी चार वर्षांवरील मुलांसाठीच राहील. लहान पेटीसाठी 'प्रथम बुक्स' या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरून मराठी गोष्टी उतरवून घेता येतील. त्यांचा परवाना मुक्त असल्यामुळे छापण्यास अडचण नाही, मात्र लेखक-चित्रकारांच्या नावांचे पान काढून टाकू नये. अगदी पहिल्या पातळीच्या, पानावर एक-दोन वाक्ये असलेल्या गोष्टी मी निवडेन. निवड मी करेन, हे स्पष्ट असावे. जाड कागदावर छापून प्लॅस्टिकचे आवरण चढवण्याचे यंत्र सांस्कृतिक समितीकडे आहे, असे समजते.

प्रेषक: माजी सांस्कृतिक चिटणीस

यंत्र माझ्याकडेच आहे, कारण नव्या समितीने ते कधी मागितलेच नाही. शनिवारी संध्याकाळी घेऊन येतो. तक्त्याचे उत्तर मिळाले नाही.

प्रेषक: शिशुवर्गातील पालक (धाकट्याची आई)

सर्वांचे मनापासून आभार. श्रवणचाचणी पुढच्या बुधवारी आहे आणि अर्ली इंटरव्हेन्शनला फोन केला आहे. दुभाषा मिळेल, असे तेथील बाई म्हणाल्या.

ताई, फ्रिजपाशी मी पाच आकडे मोजते तोवर हे दार उघडून मोकळे होतात, त्यामुळे आता यांनाही दाराशी उभे राहण्याची बंदी आहे. रात्री काऊचिऊची गोष्ट सुरू केली आहे. चार दिवस तो नुसता दार वाजवल्यासारखी मूठ आपटत होता. काल सासूबाईंनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर तीच गोष्ट सांगितली, त्या नेमक्या थांबल्या, आणि तो "था" म्हणाला. सासूबाईंना वाटले की कॉल अडकला, म्हणून त्यांनी फोनच बंद केला.

मला ही छोटी पेटी रविवारी किती वाजता नेता येईल? वर्गाला आम्ही नेहमीप्रमाणे थोडे उशिरा पोहोचू.

प्रेषक: ग्रंथालय (काका)

साडेदहापर्यंत. नंतर मी खोली बंद करून चहाला जातो. काही फाटल्यास घरी चिकटपट्टी लावू नये, कागद पिवळा पडतो. तुकडे पाकिटात घालून माझ्याकडे द्यावेत.