चिनी अक्षरं जपानी वळणाची दिसत असतील तर

रत्नागिरीच्या एका दादांनी विचारलंय, कोळंबी निर्यातीच्या चिनी कागदांतली काही अक्षरं उबुंटूवर (लिनक्सच्या एका प्रकारावर) जपानी वळणाची का दिसतात. फॉन्ट बिघडलेला नाही. युनिकोडने (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीने) दोन्ही भाषांच्या बऱ्याच अक्षरांना एकच क्रमांक दिलाय, वळण फॉन्ट ठरवतो. नोटो सान्स सीजेके हा चिनी-जपानी-कोरियन अक्षरांचा फॉन्ट (गूगल-अडोबी, २०१४) टाका आणि कुठला फॉन्ट आधी वापरायचा ते ठरवणाऱ्या फॉन्टकॉन्फिगच्या फाइलीत सान्स-सेरिफच्या (टोकांना रेघा नसलेल्या साध्या अक्षरांच्या) यादीत 'जेपी'च्या (जपानी) आधी 'एससी' (सोपी केलेली चिनी) लिहा. तैवानचं गिऱ्हाईक असेल तर 'टीसी' (पारंपरिक चिनी). पण अगदी पहिल्या ओळीत आपला नेहमीचा फॉन्टच ठेवा हां, नाहीतर इंग्रजी अक्षरंही सीजेकेची येतात आणि सगळं विचित्र दिसतं. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच भरलेला असेल तर मात्र यातलं काहीच लागू नाही, पाठवणाऱ्यालाच सांगावं लागेल.